‘१६-बिट स्कॅन’च्या नावाखाली आजोबांचा चेहराच पुसला

घरातले जुने कृष्णधवल फोटो स्कॅन करायला देणार असाल, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

पुण्यातल्या एका दुकानाने ‘आर्काइव्हल क्वालिटी, १६-बिट टिफ, १२०० डीपीआय’ असं सांगून फोटोमागे साडेचारशे रुपये घेतले. (टिफ म्हणजे सहसा तपशील न गाळता चित्र साठवणारी फाइल, डीपीआय म्हणजे स्कॅनर एका इंचात किती ठिपके टिपतो तो आकडा.) फोटो १९५० च्या आसपासचे, स्टुडिओत काढलेले. त्यात आजोबांचं एक पोर्ट्रेट आहे. पांढरी टोपी, खादीचा सदरा, एका बाजूने आलेला मऊ उजेड आणि गालावर देवीचे वण. हे वण प्रिंटमध्ये डोळ्यांत भरत नाहीत. उजेडाच्या बाजूला राखाडी छटा किंचित गडद-फिकी होते, तेवढ्यावरूनच ते कळतात.

पेन ड्राइव्हमधली फाइल पहिल्या नजरेला झकास वाटते. काळं काळंकुट्ट, पांढरं शुभ्र. माणूस खूश होऊन उरलेले पैसे देऊन टाकतो, आणि त्यांचा धंदा नेमका त्यावरच चालतो. मूळ प्रिंट शेजारी धरली तेव्हा टोपीची घडी गायब, सदऱ्याची शिवण गायब, वण गायब, गाल तुळतुळीत. उलट, मूळ फोटोत धड दिसतही नाहीत अशा पापण्या एकेक मोजता येतील इतक्या कोरीव! एआयने चेहरा ‘सुधारून’ दिला होता. आईने पाहिलं आणि विचारलं, “हे कोण?” तिच्या वडिलांचा फोटो होता तो.

मग फाइल गिंपमध्ये उघडली. हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. हिस्टोग्राम, म्हणजे कोणती छटा किती पिक्सेलमध्ये आहे ते दाखवणारा आलेख, कंगव्यासारखा, मध्ये मध्ये फटी पडलेला. उजव्या टोकाला एकदम उसळलेला. ८-बिट फाइलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात, १६-बिटमध्ये ६५,५३६. आधीच मोजक्या असलेल्या पायऱ्या कॉन्ट्रास्टसाठी ताणल्या की फटी पडतात, आणि टोकाला गेलेल्या फिक्या छटा कोरा पांढरा होऊन बसतात. त्या परत आणता येत नाहीत. गालावर झूम केलं तर ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन दिसले. ही जेपीजीची, म्हणजे आकार लहान करायला तपशील गाळणाऱ्या फाइलची, खूण. म्हणजे जेपीजीच टिफ म्हणून सेव्ह करून दिली होती.

दुकानदार म्हणाला, “लोकांना असंच ब्राइट आवडतं.” मूळ स्कॅन मागितला, तर म्हणे आम्ही ठेवत नाही. मला ही शुद्ध लबाडी वाटते. ज्याला ब्राइट हवा त्याने तो खुशाल घ्यावा, पण न केलेल्या कामाचे पैसे कशाला?

तुम्ही देणार असाल तर आधी एकच फोटो द्या, तोही शक्यतो समोर बसून. ऑटो लेव्हल्स (आपोआप कॉन्ट्रास्ट वाढवणं), शार्पनिंग (कडा कोरीव करणं), धूळ-ओरखडे काढणं, सगळं बंद ठेवायला सांगा. छोट्या प्रिंटला ६०० डीपीआय पुरतात, १२०० च्या आकड्याला भुलू नका. कागद पिवळा पडला असेल तर स्कॅन रंगीतच करून घ्या. कृष्णधवल नंतर करता येतं. न सुधारलेला स्कॅन वेगळा मागा. तो थोडा मवाळ, फिकट दिसेल, दिसू द्या. टोपीची घडी त्यातच असते. आणि ‘१६-बिट टिफ, एआय नाही’ हे बिलावर लिहून घ्या. आमच्या बिलावर ‘१६-बिट टिफ’ छापलेलं होतं, म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या नंबरवर, तक्रार नोंदवताना दाखवायला हातात काहीतरी होतं. पैसे अजून परत मिळालेले नाहीत.