बाबांसाठी घरीच पॅलिएटिव्ह केअर (म्हणजे गंभीर आजारात दुखणं आणि त्रास कमी करणारी काळजी), आमचा अनुभव
बाबांचा कॅन्सर चौथ्या स्टेजला आणि त्यांचं एकच, मला कोथरूडच्या घरीच राहायचंय. आधी एका ब्युरोची बाई ठेवली, ती रात्री झोपून जायची, बाबांच्या पाठीला बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहून होणारी जखम, झाला तरी आम्हाला पत्ता नाही, अजून वाईट वाटतं. मग वारज्याच्या सिपला पॅलिएटिव्ह सेंटरला गेलो, १९९७ पासून आहे, पैसे घेत नाहीत. आधीच जायला हवं होतं खरंतर, तुम्ही उशीर करू नका. टीम घरी आली, सिस्टरने आईला चादर धरून दर दोन तासांनी कूस कशी बदलायची ते हाताला धरून शिकवलं. दुखणं थांबवायच्या मॉर्फिन या औषधाला आम्ही घाबरत होतो पण डॉक्टरांनी नीट समजावलं, बद्धकोष्ठता होते म्हणून पोट साफ व्हायचं औषधही सोबत दिलं. तिसऱ्या रात्री बाबा सलग झोपले, सकाळी स्वतःहून चहा मागितला.