बो-शुरिकेन: सहा महिन्यांच्या सरावानंतर

बो-शुरिकेन म्हणजे हाताने लक्ष्यावर मारायची टोकदार जपानी पोलादी सळई. हा पाच सळयांचा संच. छेद चौकोनी, लांबी 15 सेंटीमीटर, जाडी 6 मिलिमीटर, एकेकीचं वजन साधारण 40 ग्रॅम. चांदणीच्या आकाराच्या शुरिकेनचं कुठलं ना कुठलं टोक रुततं. सळईला टोक एकच, म्हणून सुरुवातीला बऱ्याचशा आडव्या आपटून खाली पडतात. त्यात पोलादाचा दोष नाही. जपानीत या क्रियेला 'फेकणं' नव्हे, 'उत्सु' म्हणजे मारणं म्हणतात, आणि हात खरोखरच तलवारीच्या वारासारखा वरून खाली यायला हवा.

19व्या शतकात अन्नाका संस्थानाच्या नेगिशी शोरेई यांनी रूढ केलेल्या पद्धतीत सळई टोक वर करून धरतात. मधलं बोट लगत, तर्जनी आणि अनामिका दोन बाजूंना, वरून अंगठ्याचा हलका दाब. सुटल्यावर ती गरगरत नाही, लक्ष्यापर्यंत जेमतेम पाव फेरा घेते. मनगटाला झटका बसला की फेरा वाढतो आणि टोक खाली झुकून लागतं. टोक वर राहिलं तर फेरा अपुरा पडलाय, अर्धं पाऊल मागे सरका. सुरुवात एका केनवरून, म्हणजे 1.8 मीटरवरून करा. तीन केनची घाई नको.

या संचाचा खरा दोष म्हणजे गुळगुळीत शेपूट. बोटावरून ते झटकन निसटतं, मग फेरा आवरत नाही. नेगिशी-र्यूच्या, म्हणजे नेगिशी यांच्याच परंपरेतल्या, सळया पुढे जाड असतात आणि शेपटीला दोरा गुंडाळलेला असतो, ते उगाच नाही. इथेही शेवटच्या 3 सेंटीमीटरवर सुती दोरा घट्ट गुंडाळला की फरक लगेच कळतो. दोरा सैल पडला की बदलायचा.

टोक सुईसारखं येतं आणि फळीतल्या गाठीवर बसलं की वाकतं. बारीक कानशीने किंचित बोथट केलं तर टिकतं. रुतलेल्या सळईवर दुसरी आदळली की कडेला खाच पडते, आणि तिथे उठलेलं पोलाद बोट कापतं. दर फेरीनंतर कडेवरून नख फिरवा. अडकलं तिथे कानस मारा.

लक्ष्याला तातामी, म्हणजे जाड जपानी गवती चटई, उत्तम. देवदारी फळी रेषेवर चिरते; मऊ लाकडाच्या ओंडक्याची आडवी कापलेली चकती जास्त टिकते, कारण टोक तंतूंच्या मधे शिरतं. कठीण लाकडावरून सळई उसळून परत येते, म्हणून डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच. मागे जाड गोधडी सैल टांगली की चुकलेली सळई तिथेच थबकते.

घामाने गंज लवकर चढतो. पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा, पण दोऱ्याला तेल लागू देऊ नका, पकड जाते.