माल्टा की सिसिली? हातात दिवस किती, त्यावर ठरवा

नकाशात माल्टा हा छोटा देश आणि इटलीचं सिसिली बेट शेजारी-शेजारी, मध्ये साधारण ९० किलोमीटर समुद्र. पण माल्टा देशाची माल्टा, गोझो आणि कोमिनो ही बेटं मिळून ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या जेमतेम निम्मे. सिसिली २५,००० चौरस किलोमीटरच्या वर.

चार-पाच दिवसच असतील तर माल्टालाच जा. इंग्रजी तिथली राजभाषा आहे, त्यामुळे बसमध्ये किंवा औषधाच्या दुकानात अडत नाही. गाडीही आपल्यासारखी डावीकडूनच. राजधानी व्हॅलेटात एकच मुक्काम ठेवून सगळं पाहता येतं, फक्त आईवडील सोबत असतील तर तिथले चढउतार आणि पायऱ्या लक्षात घ्या. सेंट जॉन्स को-कॅथेड्रलमधलं इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं १६०८ चं भव्य चित्र चुकवू नका. त्याची सही असलेलं हे एकमेव चित्र. गोझोवरची जिगान्तियाची दगडी मंदिरं तर पिरॅमिडांहून जुनी आहेत. मात्र वाळूचे किनारे मोजकेच आहेत. गोझोची प्रसिद्ध दगडी कमानही २०१७ साली वादळात कोसळली, तेव्हा जुने फोटो पाहून बेत आखू नका.

आठवडाभराहून जास्त सवड असेल तर मात्र मी सिसिलीच निवडेन, आणि कारण तिथलं अग्रिजेंतो शहर. तिथलं कॉनकॉर्डियाचं ग्रीक मंदिर इ.स.पू. पाचव्या शतकातलं, पुढे त्याचं चर्च झालं, म्हणूनच ते इतकं शाबूत राहिलं. पालेर्मोच्या राजवाड्यातल्या बाराव्या शतकातल्या प्रार्थनागृहात राजा नॉर्मन, भिंतींवर बायझंटाइन मोझेइक आणि डोक्यावर अरबी शैलीचं रंगीत लाकडी छत! तीन संस्कृती अशा एका छपराखाली नांदताना पाहून भारावून जायला होतं. पूर्वेला एटना हा जागता ज्वालामुखी आहेच. पण अंतरं मोठी, आतल्या भागात रेल्वे तुरळक. गाडी भाड्याने घ्यावी लागते, तीही उजवीकडून चालवायची.

शाकाहारींची सोय सिसिलीत जास्त चांगली. पालेर्मोत हरभऱ्याच्या पिठाची तळलेली पानेल्ले मिळते, कतानियात वांग्याचा पास्ता अल्ला नॉर्मा. माल्टातले वाटाण्याचे पास्तित्सी खुसखुशीत असतात, पण त्यांच्या पारीत डुकराची चरबी असू शकते, विचारून घ्या.

जुलै-ऑगस्टचं ऊन दोन्हीकडे कडक. मे किंवा सप्टेंबरअखेर उत्तम. दोन्हीकडे एकच शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांचा सामायिक व्हिसा) चालतो. दोन्ही बेटं जोडणार असाल तर सिसिलीतल्या पोत्सालो बंदरातून व्हॅलेटाला जाणारी फेरी बोट दोन तासांच्या आत पोचवते. व्हिसाचा अर्ज मात्र जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करा.