टेबल द्राक्षांची बाग की वाइनची?

नाशिककडे बागेचा मॅनेजर व्हायचं, तर पहिला प्रश्न हाच. माझं विचाराल तर सुरुवात टेबल, म्हणजे खायच्या द्राक्षांतून करा. तिथे माणूस लवकर तयार होतो. निफाड-दिंडोरीची निर्यातीची थॉम्पसन (बिनबियांच्या जातीची) बाग झोप उडवते. एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठीची) त्यामानाने सुसह्य. ऑक्टोबरच्या गोड्या छाटणीनंतर (घडांसाठीच्या) मात्र फेलफुटी, म्हणजे नको असलेले फुटवे काढा, जीएमध्ये (मणी फुगवणाऱ्या संजीवकात) घड बुडवा, बायकांच्या टोळ्या लावून कात्रीने एकेक मणी विरळा. फुलोऱ्यात पाऊस आला की डाउनी रोगाच्या धास्तीने पहाटेच फवारणीचा ब्लोअर सुरू. युरोपला माल जायचा तर औषधांचे अंश मर्यादेत हवेत, म्हणून फवारणीची वही चोख लागते. (मजूर वेळेवर मिळवणं, हे तर कुठल्याच अभ्यासक्रमात नाही!)

वाइनच्या बागेत शेनिन ब्लाँ, शिराज या जातींचे मणी बारीकच बरे. जीए नाही, मण्यांची विरळणी नाही. जीव टांगलेला असतो तो साखर आणि आम्लाच्या तोलावर. जानेवारी-फेब्रुवारीत मणी चिरडून साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकायचा. साधारण २२-२४ ब्रिक्स (साखरेचं माप) दिसलं की गारव्यातच तोडणी. काम शांत, पण गिऱ्हाईक म्हणजे वायनरीच. तिने हात आखडला, तर ते बारीक, बियांचे मणी बाजारात कोण घेणार?