दहापटीचं भिंग: सुताराच्या गळ्यात आठ महिने

मी औसा तालुक्यातला सुतार. चौकटी, दारं, देवघरं, पूर्वी तिफणी आणि बैलगाड्याही. लाकूड ओळखायला आबांनी मला नाकानं शिकवलं. रंध्याचं पहिलं सालपट निघालं की ते आधी नाकाशी धरायचं, मग बोलायचं. कोरोना झाला आणि माझं नाक गेलं. थोडं परत आलं, पण ताज्या सागाचा तो जुन्या चामड्यासारखा वास मला आता अर्धाच येतो. म्हणून भिंग घेतलं. ज्यांना घरासाठी लाकूड घ्यायचंय आणि जे माझ्यासारखे या धंद्यात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

भिंगं दोन घेतली. पहिलं अडीचशे रुपयांचं, बारक्या दिव्याचं, खोक्यावर तीसपट छापलेलं. लेक उदगीरला बी.एस्सी.ला आहे, वनस्पतीशास्त्र घेऊन. ती दिवाळीला आली तेव्हा तिनं ते अंगणात नेलं आणि उन्हाचा ठिपका फरशीवर पाडला. ठिपका सगळ्यात बारीक झाला तिथं भिंग धरून ठेवलं आणि मला म्हणाली, "बाबा, पट्टीनं अंतर मोजा." अडीच सेंटिमीटर भरलं. "पंचवीसला या आकड्यानं भागायचं. हे दहापटच आहे. खरंच तीसपट असतं तर अंतर एक सेंटिमीटरच्या आत आलं असतं." खोक्यावरचा आकडा खोटा निघाला. वर कडेला सगळं वाकडं दिसायचं. ते मी परत केलं.

दुसरं तिनंच निवडून मागवलं. दहापट, काच 21 मिलिमीटरची, घडी घालून पोलादी कवचात बसणारं, चारशे ऐंशी रुपयांचं. त्याच फरशीवर तपासलं, हेही अडीच सेंटिमीटरच भरलं, म्हणजे लिहिलं तेवढंच निघालं. लाकडाला दहापट पुरतं. जास्त पटीच्या नादी लागू नका. पट वाढली की दिसणारा भाग चिमूटभर होतो, आणि लाकडात तर छिद्रांची मांडणी बघायची असते, एकेक छिद्र नाही.

वापरायची रीत सांगतो, कारण पहिले पंधरा दिवस मला काहीच दिसत नव्हतं. फळीचं उभं अंग बघून उपयोग नाही, त्यावर रंग चढतो, तेल चढतं. करवतीनं आडवं कापलेलं टोक बघायचं. पण करवतीनं तोंड फाटतं, म्हणून नवं ब्लेड घेऊन नखाएवढी जागा एका ओढीत साफ कापायची आणि पाण्याचं बोट लावायचं. मग भिंग डोळ्याला अगदी चिकटवायचं आणि लाकूड वर आणायचं. आपण लहानपणापासून भिंग लाकडाजवळ धरून डोळा लांब ठेवतो, तिथंच चुकतं. ऊन कापलेल्या तोंडावर पडेल असं बसा, डोक्याची सावली पडू देऊ नका. ब्लेड जुनं असेल तर भिंगाला दोष देऊ नका.

आणि मग जे दिसतं, ते बघून मी खरंच अर्धा तास तसाच बसून राहिलो. चाळीस वर्षं ज्या लाकडाला रंधा मारला, त्याचं तोंड मी कधी पाहिलंच नव्हतं. सागात मोठ्या छिद्रांची ओळ लागते, मग छिद्रं बारीक होत जातात, मग पुन्हा मोठ्यांची ओळ. लेकीनं कारण सांगितलं. आपल्याकडचा साग उन्हाळ्यात पानं गाळून थांबतो. पावसाच्या तोंडाला पालवी फुटली की झाडाला एकदम भरपूर पाणी वर न्यायचं असतं, म्हणून तेव्हाच्या लाकडात नळ्या मोठ्या. पुढं त्या बारीक. एक ओळ म्हणजे एक पावसाळा. किनवटच्या जंगलातल्या सागाचा एक जुना तुकडा माझ्याकडं होता, त्यात अंगठ्याएवढ्या जागेत मी अकरा पावसाळे मोजले.

बाभळीत असं कडं नाही. छिद्रं सगळीकडं विखुरलेली आणि प्रत्येकाभोवती फिकट वलय, दिव्याभोवती पडतं तसं. हे एकदा पाहिलं की बाभूळ विसरत नाही.

आता भिंगाचे पैसे ज्या दिवशी वसूल झाले ते. शेजारच्या गावचे एक काका लेकीच्या घरासाठी तीन चौकटींचं लाकूड घेऊन आले. "मिस्त्री, सागवान आहे, जपून काढा." पावतीवरही सागवानच लिहिलेलं, भावही सागाचा लावलेला. रंग पिवळसर तपकिरी, वरून तेलाचा हात. मी एक टोक कापून पाहिलं. मोठ्या छिद्रांचं कडं नव्हतं. छिद्रं विखुरलेली, आणि मधूनमधून पांढऱ्या ठिपक्यांची सरळ ओळ, दोऱ्यात ओवल्यासारखी. त्या राळेच्या नळ्या. सागात त्या नसतात. सालवृक्ष आणि मेरांटी (बाहेरदेशातून येणारं एक लाकूड) यांच्या कुळातल्या लाकडांत अशा ओळी असतात. काकांच्या डोळ्याला भिंग लावलं, शेजारी माझा सागाचा तुकडा धरला. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्यांदा पाहिलं, मग ब्लेड मागून स्वतः दुसरं टोक कापलं आणि पुन्हा पाहिलं. वखारवाल्यानं लाकूड परत घेतलं, पण टेंपोचं भाडं काकांच्या अंगावर पडलं. लेकीच्या घराला कोणी असं लाकूड विकतं याचा मला राग आला, अजून आहे. मेरांटी हे काही वाईट लाकूड नाही. पण मेरांटी म्हणून, मेरांटीच्या भावानं विकायला पाहिजे.

नाव बरोबर असणं एवढं महत्त्वाचं का, तेही सांगतो. देहरादूनची वन संशोधन संस्था 1906 पासूनची. तिथं लाकडाच्या गाभ्याचे खुंट उधईच्या जमिनीत अर्धे गाडून ठेवतात आणि किती महिने टिकतात ते बघतात. सरासरी 120 महिने किंवा त्याहून जास्त टिकलं तर पहिला वर्ग, 60 ते 120 टिकलं तर दुसरा, त्याखाली तिसरा. साग पहिल्यात, आंबा तिसऱ्यात. म्हणजे चुकीचं नाव लागलं तर चौकटीचं आयुष्यच चुकीचं सांगितलं जातं. आणि हे वर्ग गाभ्याचे आहेत. सागाची पांढरी, म्हणजे गाभ्याबाहेरचं कडेचं फिकट लाकूड, उधई खातेच. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, उधईला ते चालत नाही, पांढरीत ते नसल्यासारखंच. चौकटीच्या कोपऱ्यात दोन बोटं पांढरी दिसली तर साग आहे म्हणून निश्चिंत राहू नका. त्याला भिंगही लागत नाही, साधा डोळा पुरतो.

घरच्या लाकडाचंही सांगावं लागेल. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, विसर्जनाच्या रात्री, भूकंपात आमच्या माळवदाच्या भिंती पडल्या. दगड आणि वरची पांढरी माती खाली आली. आतले खांब आणि तुळया मात्र जागेवर होत्या, आणि आजी त्या खणात होती म्हणून वाचली. आबांनी ते सगळं लाकूड उचलून आणलं, एकही कडी विकली नाही. सगळं सागाचं आहे असंच ते सांगायचे. ह्या उन्हाळ्यात मी प्रत्येकाचं टोक कापून पाहिलं. तुळया सागाच्याच. चारपैकी एक खांब मात्र बाभळीचा निघाला, फिकट वलयं स्पष्ट. पणजोबांना चौथा सागाचा खांब परवडला नसेल, शेतातली बाभूळ तोडली असेल. आजीच्या डोक्याजवळचा खांब तोच. त्याला मी आता ओसरीत उभा केलाय, पॉलिश न लावता.

भिंगाला काय जमत नाही तेही सांगायला हवं. साग किनवटचा की परदेशातल्या लागवडीचा, हे ते सांगत नाही. बकाण निंबातही मोठ्या छिद्रांचं कडं असतं. तिथं हातात वजन घ्यावं लागतं, तेलकटपणा बघावा लागतो, वास घ्यावा लागतो. शिसव आणि शिसूमध्ये मी अजून अडखळतो. लेक म्हणते, जगभरातले लाकूड-शास्त्रज्ञ रुंद पानांच्या झाडांचं लाकूड ओळखायला 163 लक्षणांची यादी वापरतात, 1989 साली केलेली, आणि त्यातली बरीचशी सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. कोर्टकचेरीचा मामला असेल तर तुकडा देहरादूनला किंवा बंगळुरूच्या लाकूड संशोधन संस्थेलाच पाठवावा. ओलही भिंगात दिसत नाही. साग असला तरी ओला असेल तर आपल्या लातूरच्या एप्रिलमध्ये चौकट उघडणारच. त्यासाठी वेगळं यंत्र लागतं.

वस्तूबद्दल थोडं. सोबतची दोरी पहिल्याच महिन्यात तुटली, मी बुटाची नाडी लावली. काचेवर भुसा बसतो. तो बोटानं पुसू नका, फुंकून काढा आणि मग सुती कपडा. तरी कडेला एक चरा पडलाच. बिजागरीचा स्क्रू दोनदा आवळला. पाचपैकी साडेचार गुण देतो, अर्धा दोरीचा कापला.

माझ्या हाताखाली एक पोरगा आहे, नववी शिकलेला. त्याचं नाक चांगलं आहे. आता नवं लाकूड आलं की आधी तो सालपट हुंगतो आणि कागदावर नाव लिहून कागद उलटा ठेवतो, मग मी भिंगानं बघतो, मग कागद उलटतो. गेल्या महिन्यात तेरा तुकड्यांत त्याची नऊ बरोबर आली. पगारातून पैसे कापून घ्या, पण मला असंच एक भिंग मागवा, असं त्यानं परवा सांगितलं. मागवलंय, पगार न कापता.