कोंबडीच्या शवविच्छेदनाला चार तारे

आमच्या तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मेलेली कोंबडी फाडून ती कशाने मेली ते सांगतात, हे वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. दवाखाना म्हणजे म्हैस गाभण राहत नाही, बैलाचा खूर सुजला, असल्या कामासाठी. कोंबडीसाठी तिथं जायचं म्हटलं की लोक हसतात. तर त्या सेवेबद्दल लिहिते आहे. पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच.

आधी माझ्याकडचा पसारा सांगते. रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव, घरामागच्या परड्यात जांभ्याच्या चिऱ्यांचं खुराडं, त्यात पंधरा-वीस कोंबड्या. बहुतेक गावठी, काही मोटारसायकलवर जाळीच्या पेट्या बांधून फिरणाऱ्याकडून घेतलेल्या गिरिराज, आणि एक कडकनाथ कोंबडा. तो जावयाच्या हट्टापायी आला आणि आरवण्यापलीकडे काही करत नाही. अंडी घरात लागतात, उरलेली शेजारी जातात, कोंबडे गटारीला आणि गौरीच्या सणाला खपतात. धंदा म्हणावा असं काही नाही, पण वरखर्च सुटतो.

पावसाची झड लागली की आमच्याकडे आजार ठरलेला. रात्री खुराड्याजवळ गेलं की आतून घुरघुर ऐकू येते. सकाळी दोन-तीन कोंबड्या पंख पाडून कोपऱ्यात, कुणाच्या डोळ्यात फेस, कुणाचा गाल सुजलेला, शिंका चालूच. अंडी बंद. एखादी मरायची, बाकीच्या आठवडाभरात उठायच्या. थंडीत पुन्हा तेच. वाडीत कोंबडी आजारी पडली की सगळे सरसकट ‘मानमोडी’ म्हणून मोकळे होतात. पण खरी मानमोडी, म्हणजे राणीखेत, मी लहानपणी पाहिली आहे. हिरवट हगवण, पिळलेली मान, लुळा पाय, आणि चार दिवसांत अख्ख्या वाडीची खुराडी रिकामी. आमचं हे तसं नव्हतं. हे मारत नव्हतं, सोडतही नव्हतं.

औषधाला बाजारपेठेतलं शेतीमालाचं दुकान होतं. त्याचंही परीक्षण इथेच उरकते. दुकानदार हिशेबाच्या वहीतून मान वर न करता विचारतो, “शिंकतायत की हगतायत?” शिंकतायत म्हटलं की एक पूड, हगतायत म्हटलं की दुसरी. मोठं पाकीट फोडून वर्तमानपत्राच्या कागदात सुटी पुडी बांधून देतो. त्यावर औषधाचं नाव नाही, तारीख नाही, किती पाण्यात किती घालायची तेही तोंडीच. “चमचाभर टाका.” कसला चमचा? दुकान सकाळी लवकर उघडतं, रविवारीही चालू असतं, आणि माणूस उधारीला नाही म्हणत नाही, म्हणून दोन तारे. पुडीने घुरघुर थांबायची हेही खरं. पण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा त्याच दुकानात.

बचत गटाच्या एका प्रशिक्षणाला आलेल्या पशुधन पर्यवेक्षकांनी जाता जाता सांगितलं होतं, की कोंबडी मेली तर फेकू नका, दवाखान्यात आणा. त्यामुळे गेल्या वर्षी श्रावणात माझी जुनी तांबडी पहाटे मेली तेव्हा मी ती पुरली नाही. कोंबडी कशी न्यायची ते सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. साबणाच्या पाण्यात पिसं भिजवायची म्हणजे पिसांवरची धूळ उडत नाही. मग दोन प्लास्टिकच्या पिशव्या, एकीत एक, आणि त्याभोवती बर्फ. फ्रिजरमध्ये मात्र ठेवायची नाही, गोठली की आतलं मांस बिघडतं आणि डॉक्टरांना काही कळत नाही. मेल्यापासून जितक्या लवकर पोचेल तितकं बरं. मी मासळीचा थर्माकोलचा डबा घेतला. एसटीत कंडक्टर म्हणाला, “काय काकी, पापलेट काय?” मी म्हटलं, कोंबडी. तो म्हणाला, “मग बर्फात कशाला? मेली काय?” पुढच्या स्टॉपपर्यंत माझ्या शेजारची सीट रिकामी झाली होती.

डॉक्टर मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या, उदगीरला शिकलेल्या, बोलणं अगदी रोखठोक. डबा उघडायच्या आधी त्यांनी प्रश्नांची सरबत्ती केली. किती मेल्या, किती दिवसांत, आजूबाजूला कावळे किंवा इतर पक्षी मेलेले दिसले का, नवीन कोंबडी कधी आणली? एकदम पुष्कळ मेल्या असत्या तर त्यांनी डबा उघडूच दिला नसता. २००६ साली देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, आणि २०२१ मध्ये परभणीतही येऊन गेला. तेव्हा हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा. एका रात्रीत खुराडं आडवं झालं तर मेलेल्या कोंबड्या घेऊन एसटीत बसायचं नाही, हात न लावता दवाखान्याला कळवायचं. १९६२ या फोनवरही सांगता येतं.

दवाखान्यामागे सिमेंटचा ओटा आहे, तिथे त्यांनी मोजे घालून कात्री चालवली. मला म्हणाल्या, “काकू, लांब थांबा, पण बघा.” आधी छातीचं हाड चाचपलं. मांस उतरलं होतं, म्हणजे आजार जुना. मग पोट्याच्या लगेच वरचा भाग चिरून आतली बाजू दाखवली. राणीखेत असती तर तिथं रक्ताचे बारीक ठिपके दिसतात, म्हणाल्या. नव्हते. आतड्याच्या शेवटी दोन आंधळ्या नळ्या असतात, त्या उघडल्या. रक्ती हगवण असती तर त्या रक्ताने भरलेल्या असत्या. त्याही स्वच्छ. मग त्यांनी चिमट्याने फुप्फुसाजवळचा पातळ पापुद्रा उचलला. कोंबडीच्या अंगात हवेच्या पिशव्या असतात आणि निरोगी कोंबडीत त्या इतक्या पारदर्शक असतात की दिसतही नाहीत, हे मला तेव्हा कळलं. तांबडीच्या पिशव्या जाड, धुरकट झाल्या होत्या आणि त्यांत कवडी दह्यासारखे पिवळट गोळे अडकलेले. इतकी वर्षं कोंबड्या कापते मी, पण कापताना आपण पोटा-कलेजी शोधतो, बाकीचं कुत्र्यापुढे जातं. हे कधी बघितलंच नव्हतं.

निदान, सीआरडी. श्वसनाचा जुनाट आजार, मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा. पक्कं करायला रक्ताचे नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतात. मॅडमनी माझ्या घरी येऊन चार कोंबड्यांचं रक्त घेतलं आणि ते पाठवलंही. उत्तर तेच आलं.

पण तारे दिले ते निदानाला नाही, त्यानंतरच्या अर्ध्या तासाला. मॅडमनी सांगितलं की औषधाने कोंबडी बरी दिसते, पण जंतू अंगातून जात नाही. पाऊस, थंडी, ओल, नवीन कोंबडी, काहीही निमित्त झालं की तो पुन्हा डोकं वर काढतो. आणि आईच्या अंगातून तो अंड्यात उतरतो, अंड्यातून पिल्लात. हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात चक्र फिरलं. आमच्याकडे एखादीची कोंबडी खुडूक बसली की ज्या घरचा कोंबडा चांगला, त्या घरून अंडी आणून तिच्याखाली ठेवतात. माझी तांबडी मोठी अंडी घालायची, म्हणून ती वर्षानुवर्षं सगळे मागून न्यायचे. अर्ध्या वाडीतल्या तलंगांची ती आजी. आमचा आजार घरोघर कसा गेला, त्याला वारा-पाणी जबाबदार नव्हतं, आम्हीच टोपलीत घालून पोचवत होतो.

दुकानातल्या पुड्या मी बरोबर नेल्या होत्या. एका पुडीबरोबर चुकून मूळ पाकिटाचा तुकडा आला होता, त्यावर कोलिस्टिन लिहिलेलं. मॅडमचा चेहराच बदलला. माणसांच्या गंभीर आजारात शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं हे औषध, २०१९ पासून खाण्याच्या जनावरांत आणि कोंबड्यांत वापरायला आपल्या देशात बंदी आहे. आणि शिंकांवर त्याचा काही उपयोगही नाही. त्यांनी लिहून दिलेलं औषध वेगळं होतं. त्याचा डोस इथे लिहीत नाही, तो कोंबडीच्या वजनावर ठरतो. औषध चालू असताना आणि नंतरही त्यांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत अंडी खायची नाहीत, हे मात्र त्यांनी तीनदा बजावलं. दुकानदाराने इतक्या वर्षांत एकदाही हे सांगितलं नव्हतं. त्या काळातली अंडी नातवाच्या ताटात गेली असतील, हा विचार अजूनही टोचतो.

मॅडमनी दोन रस्ते सांगितले. जुन्या कोंबड्या फक्त घरच्या अंड्यांपुरत्या ठेवायच्या, त्यांच्यात नवीन मिसळायची नाही, त्यांची अंडी उबवायची नाहीत. किंवा सगळ्या संपवून, खुराडं मोकळं ठेवून नव्याने सुरुवात. मी दुसरा धरला, पण सावकाश. खुडूक बसलेल्या कोंबडीखालून अंडी काढून घेताना ती ज्या नजरेने बघते ते सोपं नसतं. शेजारणींना अंडी द्यायला नकार देणं त्याहून अवघड. एक जण अजून धड बोलत नाही.

शिमगा होऊन गेल्यावर खुराडं रिकामं झालं. तळ खरवडला, चुना मारला, चैत्राचं ऊन खाऊ दिलं. हा जंतू कोंबडीच्या अंगाबाहेर काही दिवसच तगतो, त्यामुळे महिनाभर रिकामं ठेवणं पुष्कळ झालं. रक्ती हगवणीच्या जंतूची विष्ठेतून पडणारी बारीक, जाड कवचाची अंडी मात्र ओल्या तुसात महिनोन् महिने टिकतात, साध्या जंतुनाशकांनाही ती दाद देत नाहीत, म्हणून जुनं तूस सगळं जाळलं. मॅडम घरी आल्या होत्या तेव्हा त्यांनी मला खुराड्यात डोकं घालायला लावलं होतं. पावसाळ्यात आम्ही चारी बाजूंनी प्लास्टिक बांधतो, कोंबड्यांना वारा लागू नये म्हणून. आत विष्ठेचा वायू असा कोंडलेला की डोळे चुरचुरले. “तुम्हाला उभं राहून एवढं झोंबतं, त्या तर रात्रभर जमिनीलगत बसतात.” आता खालचा अर्धा भाग बंद, वरचा जाळीचा, आणि पत्रा हातभर पुढे काढलेला. बसायला कामट्यांचा माचा.

पिल्लं कोल्हापूरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून मागवली, फिरत्या विक्रेत्याकडून नाही. पहिल्या आठवड्यात राणीखेतच्या लासोटा लसीचा थेंब डोळ्यात आणि दोन महिन्यांनंतर राणीखेतचीच आर-टू-बी लस, टोचून. लसीबाबत दवाखान्याने एक गोष्ट फार चांगली केली. कुपी फोडून मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते, आणि एका कुपीत शंभर-दोनशे कोंबड्यांचा माल. पंधरा कोंबड्यांसाठी कोण कुपी फोडेल? मॅडम म्हणाल्या, वाडी गोळा करा. मग आम्ही कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर, दिवे लागणीनंतर ठेवलं. बायका डालगी घेऊन आमच्या अंगणात, पोरं बॅटऱ्या धरून, मॅडम बर्फाच्या थर्मासमधून कुपी काढतायत. शिंकणाऱ्या कोंबड्यांना त्यांनी सरळ परत पाठवलं, छातीत आजार असताना ही जिवंत लस टोचली तर तो उसळतो. त्यावरून एका काकांनी बराच वाद घातला, पण त्या बधल्या नाहीत.

आता कापलेल्या ताऱ्याबद्दल. मी पहिल्यांदा चौकशीला गेले तेव्हा डॉक्टर जागेवर नव्हत्या, लाळ-खुरकुताच्या लसीकरणाला गावोगाव गेलेल्या. ते समजू शकते. पण दारातल्या कर्मचाऱ्याने “कोंबडी? कापून खा ना” म्हणून दात काढले, ते नाही समजू शकत. फोन उचलला जात नाही. ओट्याला नळ नाही, शवविच्छेदनानंतर मीच बादलीने पाणी आणलं. लिहून दिलेलं औषध दवाखान्यात शिल्लक नव्हतं, ते बाहेरून घ्यावं लागलं, आणि अहवालाचं अक्षर वाचायला मला माझ्या मुलीला फोटो पाठवावा लागला.

खर्च म्हणाल तर केसपेपरची किरकोळ फी. वर्षभरात पुड्यांवर जात होतं त्याच्यापुढे काहीच नाही.

यंदाच्या पावसात घुरघुर नाही. पिल्लांना डासांमुळे देवी येऊन गेली, तुऱ्यावर खपल्या धरल्या, दोन दगावली. देवीची लस वेगळी असते, पंखाच्या पापुद्र्यात टोचतात, ती पुढच्या खेपेला घेणार आहे.

जाणार असाल तर सकाळीच जा आणि दवाखान्यात डॉक्टर आहेत ना ते आधी विचारा. जिथे डॉक्टर नसतात, नुसते पर्यवेक्षक असतात, तिथून पुन्हा तालुक्यालाच पाठवतील. आजारी पण अजून जिवंत असलेली कोंबडी मिळाली तर तीच न्या, तिच्यावरून जास्त कळतं. आणि दुकानातल्या पुड्या असतील तर त्याही बरोबर घ्या.