स्वयंचलित हब काढून हाताने फिरवायचे हब बसवले : चौदा महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी जुलैमध्ये राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचे कळले, तेव्हा आम्ही भोगावतीच्या काठावरच्या पाणी उपसायच्या दोन्ही मोटारी वर काढून गाडीत टाकल्या आणि पाणंदीने घराकडे निघालो. काळे रान, चार दिवसांची झड, मागे दोन मोटारी, स्टार्टरची पेटी आणि पायपांचे तुकडे. गाडी थांबवून फोर व्हील ड्राइव्हचा दांडा ओढला, समोर हिरवा दिवा लागला आणि मागची दोन्ही चाके चिखलात घर करून बसली. खाली उतरून पाहिले तर पुढच्या चाकांना जराही हिसका बसलेला नव्हता. शेवटी तात्यांनी ट्रॅक्टर आणून आम्हाला ओढून काढले आणि पुढचे आठ दिवस भेटेल त्याला ती गोष्ट सांगितली.

गाडी नऊ वर्षांची, डबल केबिनची, आणि पुढच्या चाकांना व्हॅक्यूमवर चालणारे स्वयंचलित हब असलेली. हब म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारा, एक्सल (चाक फिरवणारा आस) चाकाला जोडणारा किंवा त्यापासून सोडवणारा भाग. दांडा ओढला की व्हॅक्यूमची नळी हबमधली कडी आत ओढते आणि एक्सल चाकाला जोडला जातो, एवढे या प्रकारच्या गाड्या चालवणाऱ्यांना सांगायला नको. अधिकृत सेवा केंद्रात गाडी नेली तर तिथे तीन दिवस ठेवून घेतली आणि दोन्ही हब, सोलेनॉइड (व्हॅक्यूम सोडणारी-बंद करणारी विजेची झडप) आणि सगळ्या नळ्या बदलाव्या लागतील असे सांगून ४१,००० रुपयांचा अंदाज हातात दिला. नेमके काय बिघडले आहे, या माझ्या प्रश्नाला "सिस्टीमच बदलायला लागते" हे एकच उत्तर तीन वेगवेगळ्या माणसांनी दिले. हब उघडून पाहिला का, असे विचारल्यावर ते काम अंदाज मंजूर झाल्याशिवाय करता येत नाही असे ऐकवले गेले. न पाहिलेल्या रोगावर एकेचाळीस हजारांचे औषध घेण्याची माझी तयारी नव्हती.

तिथून गाडी थेट कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पुढची दोन्ही चाके जॅकवर उचलली, हाताने फिरवून पाहिली आणि पाच मिनिटांत निदान केले : डावा हब लागतच नाही, उजवा कायमचा लागून बसला आहे. "मालक, दिवा दांड्याचा हाय, चाकाचा न्हाई," असे ते म्हणाले, आणि नऊ वर्षे ज्या दिव्यावर मी विश्वास ठेवला होता त्याची किंमत मला तेव्हा कळली. त्या दिव्याचा स्विच ट्रान्सफर केसवर, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या एक्सलकडे पाठवणाऱ्या पेटीवर असतो. हब लागला की नाही हे त्याला ठाऊकच नसते. पुढच्या डिफरन्शियलला (जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या दातेरी चाकांच्या जुळणीला) जोर मिळाला तरी एक बाजू मोकळी असेल तर सगळे फिरणे त्या मोकळ्या बाजूला निघून जाते, आणि लागलेले चाकही ढिम्म राहते. महामार्गावर सत्तरच्या वेगाला जी घरघर येत होती, तिचेही कारण सापडले. उजवा एक्सल चाकाबरोबर पुढे फिरत होता, डावा डिफरन्शियलमधून उलटा फिरत होता, आणि हे सगळे दांडा टू व्हीलमध्ये असताना चालले होते. घरघर टायरची आहे असे समजून मी त्याआधीच्या वर्षी दोन टायर बदलले होते. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

हाताने फिरवायचे, म्हणजे गाडीतून उतरून चाकावरचा डायल वळवून जोडायचे किंवा सोडवायचे हब बसवा, हा सल्ला मिस्त्रींचाच. युक्ती जुनी आहे. युद्धात वापरलेल्या जीप अमेरिकेत नागरी वापरात आल्या, तेव्हा त्यांचा पुढचा एक्सल रस्त्यावर विनाकारण फिरू नये म्हणून १९४८ मध्ये वॉर्न दांपत्याने असे हब बनवून विकायला सुरुवात केली. म्हणजे मी पैसे मोजून पंचाहत्तर वर्षांहून अधिक मागे गेलो. हबचा जोड १४,५०० रुपयांना मिळाला, मजुरी १,२०० आणि व्हॅक्यूमच्या नळ्यांची तोंडे बंद करायला लेथवर काढून घेतलेल्या पितळी बुचांचे ३०० मिळून १६,००० रुपये झाले. या बुचांत कंजुषी करू नये, कारण माझ्या गाडीत ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरलाही त्याच पंपाचा व्हॅक्यूम जातो, आणि उघडी राहिलेली नळी म्हणजे जड झालेले ब्रेक.

काम दीड तासाचे होते. सहा बोल्ट काढले की जुना हब हातात येतो. त्याच्या आत पाणी शिरून ग्रीसचे ताक झालेले होते. नव्या हबची एकच खोच आहे, ती म्हणजे सर्क्लिप, शाफ्टच्या खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी. एक्सलच्या टोकाला आट्यांचे भोक असते. त्यात बोल्ट फिरवून शाफ्ट बाहेर ओढून धरावा लागतो, तेव्हाच सर्क्लिप खाचेत बसते. मिस्त्रींनी एका हाताने बोल्ट ओढून धरला आणि दुसऱ्या हाताने पकडीने सर्क्लिप सरकवली, तेव्हा जो 'टक' आवाज आला तो ऐकल्याशिवाय डायल बसवू नका, असे त्यांनी हाताखालच्या पोराला दोनदा बजावले.

आता तक्रार. या हबच्या डायलवर 'लॉक' आणि 'फ्री' ही अक्षरे आणि एक बाण आहे. अक्षरे उठावाची असून त्यांत पांढरा रंग भरलेला होता, तो दुसऱ्या धुण्यात निघून गेला. राहिले ते काळ्यावर काळे. भर दुपारीसुद्धा वाकून, बोटाने चाचपून बाण कुठे आहे ते पाहावे लागते, आणि हा हब चिखलात, पावसात आणि अंधारात फिरवण्यासाठीच बनवला आहे! साडेचौदा हजारांच्या वस्तूवर चार आण्यांचा रंग टिकू नये, याचा मला जेवढा राग आला तेवढा सेवा केंद्राचाही आला नव्हता. विक्रेत्याला फोटो पाठवले. त्याने "हबच्या कामात फरक पडत नाही ना?" असे विचारले.

फरक पडतो. सप्टेंबरात धाकट्या भावाने डावा हब लॉक केला आणि उजवा अर्ध्यावरच ठेवला. पन्नास फुटांवर उजवीकडून कटकट असा आवाज आला आणि गाडी पुन्हा मागच्या दोन चाकांवर. अर्धवट लागलेल्या हबचे दात झिजतात, हे सांगायला मिस्त्री लागत नाहीत. त्या रात्री पत्नीच्या कपाटातून लाल नेलपॉलिश घेऊन मी दोन्ही बाण आणि 'लॉक'समोरची खूण रंगवली. आजवर तीनदा रंगवावी लागली, पण मूळ रंगापेक्षा ती जास्त टिकते. बाटली आता गाडीच्या कप्प्यातच असते आणि तिचे पैसे मी चुकते केले आहेत.

दुसरी चूक मात्र माझी. पहिल्यांदा स्वतः हब उघडून पुसला तेव्हा हाताशी ग्रीसचा डबा होता, म्हणून तो गच्च भरला. डिसेंबरच्या पहाटे डायल जागचा हलेना. हबमध्ये ग्रीसचा पातळ थर पुरतो. भरायचे ते बेअरिंगमध्ये. सगळे पुसून काढल्यावर डायल पुन्हा दोन बोटांनी फिरू लागला.

डिझेल वाचेल या आशेने मी वहीत सहा महिने नोंद ठेवली. लिटरला १०.८ वरून ११.१ किलोमीटर, एवढाच फरक निघाला, आणि तो तर टायरमधली हवा नीट ठेवूनही पडतो. पैसे वसूल होण्याचा माझा हिशेब इथेच संपला होता आणि जानेवारीपर्यंत या हबबद्दल माझे मत 'चालते, पण उतरावे लागते' एवढेच होते.

ते मत उसाच्या हंगामात बदलले. अंगणातल्या काँक्रीटवर खताची भरलेली छोटी ट्रॉली मागे घेऊन शेडमध्ये लावणे हे आमच्याकडे क्लच जाळण्याचे काम मानले जाते. साधा रिव्हर्स फार उंच पडतो. लो गिअर (दांड्याची 'फोर लो' ही जास्त जोराची, कमी वेगाची जागा) टाकावा तर जुन्या हबमुळे पुढची चाकेही जोडली जात, आणि कोरड्या काँक्रीटवर स्टिअरिंग वळवले की गाडी आखडून उड्या मारल्यासारखी चाले, कारण वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा पल्ला कापतात आणि मधे त्यांना मोकळीक देणारे काही नसते. आता दोन्ही हब 'फ्री' ठेवून दांडा फोर लोमध्ये टाकतो. पुढचा शाफ्ट नुसता हवेत फिरतो, चाकांना जोर जात नाही, आणि मागच्या चाकांना साधारण अडीचपट खालचा रिव्हर्स मिळतो. ॲक्सिलरेटरला पाय न लावता ट्रॉली मुंगीच्या चालीने आत जाते. सगळा वाढीव जोर एकट्या मागच्या एक्सलवर येतो, त्यामुळे रुतलेली गाडी अशी ओढू नये. सपाटीवर हळू सरकवण्यापुरतीच ही सोय. पण तेवढ्यासाठीच मी हा हब पुन्हा विकत घेईन. हे मला ना विक्रेत्याने सांगितले, ना मिस्त्रींनी; कंटाळून केलेल्या प्रयोगात सापडले.

यंदाच्या पावसाळ्यात उतरण्याची तक्रारही जवळजवळ मिटली. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही हब 'लॉक' केले आणि तसेच ठेवले. दांडा टू व्हीलमध्ये असेपर्यंत लॉक असलेल्या हबने काही बिघडत नाही. पुढचा एक्सल नुसता बरोबर फिरतो, थोडी घरघर येते, आणि गरज पडली की बसल्या जागेवरून दांडा ओढता येतो. उरलेल्या आठ महिन्यांत हब फ्री असले तरी महिन्यातून एकदा ते लॉक करून आठ-दहा किलोमीटर चालवतो, म्हणजे पुढच्या डिफरन्शियलमधले तेल वरच्या दातांपर्यंत आणि सीलपर्यंत पोचते. ज्या उतरण्यावरून मी सहा महिने चरफडलो, ते एवढ्यावर आले आहे.

जुलैअखेर, भोगावतीचे पाणी जिला मिळते त्या पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठायच्या आतच आम्ही मोटारी काढल्या. तीच पाणंद, तोच चिखल, मधे ओढ्याच्या फरशी पुलावर गुडघाभर पाणी. पुढची चाके चिखल मागे फेकत वर आली आणि तात्या बांधावर उभे राहून काही न बोलता बघत होते. घरी आल्यावर हब उघडला. उजवा कोरडा होता; डाव्यात ग्रीस किंचित पांढरट झाले होते. तापलेला हब गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सील कच्चे असेल तर पाणी आत ओढले जाते. डाव्याची ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) एका जागी चेपलेली निघाली. तिचा जोड ८० रुपयांना मागवला आहे. विक्रेत्याने या वेळी विचारले, रंगाचे काय झाले. त्याला नेलपॉलिशचा फोटो पाठवला. उत्तर अजून आलेले नाही.